तीन मतांचा लखोटा

१

रविवारचं जेवण नुकतंच टेबलावर आलं होतं. मिसेस टॅगर्ट मटण वाढायला सुरी उचलणार, तोच जिन्यावर धडधड आवाज झाला आणि मिस्टर लेम्युएल हॅस्केट खाली आले. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा. हातात ती मेणकापडाची पिशवी होती. सबंध प्रवासभर ती त्यांनी गळ्यात बांधून आणली होती आणि काल संध्याकाळच्या जेवणात सगळ्यांना तीनतीनदा दाखवली होती.

"गेला," ते म्हणाले. "लखोटा गेला."

थर्झाबाई व्हिटकोंबनी काटा खाली ठेवला. आठवड्यातलं एवढं एकच जेवण त्या बसून, चावून, शांतपणे जेवत. बाकीचे सहा दिवस यादवी युद्धात मेलेल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन मिळवून देण्यात जात. त्या वॉशिंग्टनमधल्या मोजक्या स्त्री वकिलांपैकी एक होत्या, आणि मिसेस टॅगर्टच्या बोर्डिंगमधल्या एकमेव. म्हणजे घरात मांजर हरवलं तरी लोक त्यांच्याच खोलीचं दार ठोठावत.

"पिशवी तर भरलेली दिसतेय," त्या म्हणाल्या.

हॅस्केटनी पिशवी टेबलावर उपडी केली. आतून घडी घातलेलं वर्तमानपत्र पडलं. स्पॅनिश.

सगळ्यांच्या माना एकदम डॉन फाउस्तिनो आर्रिआगांकडे वळल्या. मेक्सिकोच्या वकिलातीतले हे सडपातळ, पांढऱ्या मिशांचे चिटणीस त्या वेळी बटाट्यावर मीठ घालत होते. त्यांनी वर्तमानपत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे माझं आहे," ते म्हणाले.

"ऐकलंत?" कर्नल थॅडियस ब्रीन खुर्ची मागे सारून उठले. "स्वतःच्या तोंडानं सांगतोय!"

"कर्नल, बसा," थर्झाबाई म्हणाल्या. "मटण गार होतंय."

पण मटण गार व्हायचं होतं ते झालंच.

२

त्या लखोट्यात तीन मतं होती.

राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते नोव्हेंबरातच आपण ठरवलं, असं देशातल्या लोकांना वाटत होतं. कायद्याच्या लेखी ते अजून ठरायचं होतं. प्रत्येक राज्याचे निर्वाचक, म्हणजे लोकांनी त्यासाठीच निवडलेली माणसं, आपापल्या राजधानीत जमून मतं देतात आणि त्याचे एकसारखे दाखले करून लाखेनं बंद करतात. एक दूताबरोबर सिनेटच्या अध्यक्षांकडे येतो, एक त्यांच्याच नावानं टपालात पडतो, आणि एक तिथल्या न्यायाधीशाकडे राहतो. मग फेब्रुवारीत काँग्रेसची दोन्ही सभागृहं एकत्र बसून लखोटे फोडतात, मोजणी होते, निकाल जाहीर होतो. या वेळी दोन पक्षांत इतकं थोडं अंतर होतं की डोंगरातल्या एका नव्या राज्याच्या तीन मतांनाही माणसं जपत होती. त्या राज्याची टपालाची प्रत बर्फात अडकलेल्या कुठल्यातरी गाडीत पडून होती. शनिवारी दुपारी हॅस्केट कॅपिटॉलला गेले तेव्हा तिथलं दालन बंद झालेलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत लखोटा हातानं पोचवायचा, नाहीतर दूताला हजार डॉलर दंड.

"दंडाचं मरू दे," हॅस्केट थर्झाबाईंच्या खोलीत उभे राहून म्हणाले. मोठ्या हाडापेराचा, मेंढ्या पाळणारा माणूस. पण आवाज अगदी बारीक झाला होता. "गावातून निघालो तेव्हा बँड वाजवला हो लोकांनी. शाळेला सुट्टी दिली. आता परत जाऊन काय सांगू? आंघोळ करत होतो, तेवढ्यात तुमची मतं कोणीतरी नेली, असं?"

"काल जेवणानंतर आंघोळीला गेलात तेव्हा पिशवी कुठे होती?"

"उशीखाली."

"दाराला कुलूप?"

"लावलं होतं की!"

थर्झाबाईंनी डोळे मिटले. मिसेस टॅगर्टच्या घरात कुठलीही किल्ली कुठल्याही दाराला लागत असे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त काल आलेल्या पाहुण्याला सांगायचं कोणाला सुचलं नाही.

"रात्री पिशवी उघडून पाहिलीत?"

"चाचपली. फुगीर लागली. झोपलो." हॅस्केटनी मान खाली घातली. "बाई, तुम्ही कायदा जाणता. पोलिसांत गेलो तर उद्या सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत माझं नाव येईल. तुम्हीच काहीतरी करा."

थर्झाबाईंनी टेबलाकडे पाहिलं. इंडियानातल्या एका विधवेचा अर्ज तिथे अर्धा लिहून पडला होता. तो आज पुरा करायचा होता. पण या घरात कोणी काही पुरं करू देईल तर ना. त्यांचं कायद्याचं पुस्तक आठवडाभर शेजारच्या खोलीतल्या मिस्टर क्विनबींकडे होतं. त्यांची दौत मिसेस टॅगर्टनी नेली, परत आणताना टेबलावरच लवंडली, आणि जांभळी शाई तिकिटांच्या डबीत जाऊन सगळी तिकिटं कडेनं रंगली. उरलेली ती डागाळलेली तिकिटंही काल संध्याकाळी कर्नल ब्रीन घेऊन गेले होते. कर्नलना बहिणीला पत्र टाकायचं होतं, आणि दारात उभं राहून, "चालतात हो, बहिणीला काय!" असं म्हणून वर हसलेही होते. थर्झाबाईंची बोटं अजून जांभळी होती.

"मला मत नाही हे ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "या देशात जवळजवळ कुठेच बाई मत देऊ शकत नाही. ज्यांना मतं आहेत त्यांनी ती हरवायची, आणि मी शोधायची?"

"हो," हॅस्केट अगदी साधेपणानं म्हणाले.

थर्झाबाईंनी टाक ठेवला, चष्मा पुसला आणि त्या उठल्या.

३

बैठकीच्या खोलीत मिसेस टॅगर्ट कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माझ्या घरात चोरी! एकोणीस पाहुणे सांभाळले मी एका हिवाळ्यात, चमचासुद्धा गेला नाही कधी. काल संध्याकाळी वर कोण कोण होतं ते मला पाठ आहे. डॉन, मिस्टर क्विनबी, कर्नल आणि तुम्ही. मी तिघांच्याही खोल्यांची झडती घेणार."

"झडती अशी घेता येत नाही, मिसेस टॅगर्ट. कायद्यानं..."

"घर माझं आहे!"

त्या गेल्यासुद्धा. थर्झाबाईंनी हात टेकले आणि डॉन फाउस्तिनोंच्या समोर जाऊन बसल्या.

"तुमचं वर्तमानपत्र त्या पिशवीत कसं?"

"ते मी शोधतोय कालपासून." डॉन फाउस्तिनो खरोखर रागावले होते. "जेवणाच्या खोलीत खिडकीत ठेवलं होतं. बघा, मधोमध घडी घातलीय! इथे बुद्धिबळाचा डाव आहे. चार दिवस झाले, सुटत नाहीये. पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या सगळ्या पुसल्या. बाईसाहेब, मला चोरीच करायची असती तर मी पिशवीत हेच भरलं असतं? घरात तुमच्या शहराची डझनभर वर्तमानपत्रं लोळतात."

"चोरी करायचं कारण आहे का तुम्हाला?"

"तुमचा राष्ट्राध्यक्ष कोणीही झाला तरी मला मेजवानीला तोच कोट घालावा लागतो." मग ते जरा निवळले. "खरं सांगू? तुमची ही पद्धत मला कळतच नाही. आमच्याकडेही निर्वाचक असतात, आणि त्यांची मतं प्रतिनिधींचं सभागृहच मोजतं. पण कागदाबद्दल भांडण झालं तर सभागृह तिथेच मत घेऊन मोकळं होतं. शिवाय आमच्या मोजणीत कोणाला आश्चर्याचा धक्का बसत नाही." ते मिशीत हसले. "पॅरिसला होतो तेव्हा तिथलं पाहिलं. दोन्ही सभागृहं व्हर्सायला एकत्र बसतात, स्वतःच मतं टाकतात. दुपारी राष्ट्राध्यक्ष तयार, संध्याकाळी सगळे जेवायला. आणि तुम्ही? एका मेंढपाळाच्या गळ्यात पिशवी बांधून त्याला अर्धा खंड ओलांडायला लावता!"

"तुम्हीच सांगायचं राहिलं होतं," थर्झाबाई म्हणाल्या. मनातल्या मनात मात्र त्यांनी मान्य केलं, की चार दिवस सोडवलेल्या डावाची मधोमध घडी हा माणूस घालणार नाही.

वरून सामान आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मिस्टर क्विनबी ओरडले, "हा सरळसरळ अत्याचार आहे!"

४

सायलस क्विनबी हरलेल्या पक्षाचे तरुण वकील. त्यांच्या ट्रंकेतले कपडे पलंगभर पसरले होते आणि मिसेस टॅगर्ट त्यांचे सदरे एकेक झटकून बघत होत्या.

"व्हिटकोंबबाई, यांना आवरा!"

"मला कोणाला आवरता येत असतं तर मी आज अर्ज लिहीत बसले असते. मिस्टर क्विनबी, काल जेवताना तुम्ही म्हणालात, की या राज्याची तीन मतं तुम्ही उडवणार."

"म्हणालो. म्हणणारच." त्यांनी सदरा हिसकावून घेतला. "त्यांच्यातला एक निर्वाचक सरकारी पगार घेतो, आणि तसा माणूस कायद्यानं निर्वाचक होऊ शकत नाही, असं आमचं म्हणणं आहे. संयुक्त बैठकीत ते लेखी मांडणार आहोत. एक सिनेटर आणि एक प्रतिनिधी सही करायला तयार आहेत. मग दोन्ही सभागृहं वेगवेगळी बसून आक्षेपाचा निकाल लावतील. पण बाई, आक्षेप कशावर घ्यायचा? समोर लखोटा हवा, तो उघडायला हवा, वाचायला हवा. लखोटाच नसेल तर मी काय रिकाम्या टेबलावर आक्षेप घेऊ?"

"पण लखोटा नसेल तर मतंही नाहीत. तुमचं काम आपोआप झालं."

"कसं झालं? तिसरी प्रत न्यायाधीशाकडे आहे. ती आणायला माणूस जाईल, वेळेत येईलही. तुमच्याच पुस्तकात वाचलं मी." त्यांनी टेबलावरचं जाड पुस्तक उचलून दिलं. "उलट उद्या सगळे म्हणतील, हरलेल्यांनी मतं चोरली. माझा आक्षेप मग कोण ऐकणार? घरात कोणाचं सगळ्यात जास्त वाटोळं झालं असेल तर माझं."

थर्झाबाईंनी पुस्तक काखेत मारलं. ते परत मिळालं, एवढं तरी आजच्या दिवसात बरं झालं होतं.

"इथे नाही," मिसेस टॅगर्ट शेवटचा मोजा झटकत म्हणाल्या. "डॉनच्या खोलीत नाही, शेगड्यांत नाही. राख मी स्वतः चाळली. आणि लाख जळली असती तर घरभर वास सुटला असता. आता कर्नल."

कर्नल ब्रीननी दार आधीच उघडं ठेवलं होतं. ट्रंकेचं झाकणही उघडं होतं.

"या, या. बघून घ्या सगळं. लपवायला आहे काय माझ्याकडे?" मग त्यांनी थर्झाबाईंना बाजूला घेतलं. "बिचारा हॅस्केट! मी त्याच्याच राज्याचा, त्याच्याच पक्षाचा. त्याला दूत नेमलं तेव्हाच म्हणालो होतो, माणूस सोन्यासारखा, पण गबाळा. आता दंड भरावा लागेल. नाव तर गेलंच. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कानावर गेलं की आमच्याकडच्या सरकारी जमीन कचेरीतली मोठी जागा त्याला थोडीच मिळणार? होती त्याच्या मनात."

"आणि मतं?"

"मतं पोचतील हो," कर्नल म्हणाले. "मतांची काळजी नको. हॅस्केटचं काय करायचं ते बोला."

मिसेस टॅगर्टनी गादी उलटली, बूट झटकले, वॉर्डरोबच्या मागे हात घातला. काही नव्हतं.

लखोटा घरात नव्हता. तो जळला नव्हता. आणि एवढा जाड लखोटा पंख फुटून तर उडाला नसणार.

५

चहाच्या वेळेपर्यंत घरातले सगळे एकमेकांशी बोलायचे थांबले होते. डॉन फाउस्तिनो बुद्धिबळाच्या डावावरच्या पुसट खुणा भिंगातून शोधत होते. क्विनबी तक्रारअर्ज लिहीत होते. कोणाविरुद्ध ते त्यांचं अजून ठरलं नव्हतं. हॅस्केट पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होते. मिसेस टॅगर्टनी त्यांच्या हातात सफरचंदाच्या पायचा तुकडा दिला होता. तो तसाच होता.

थर्झाबाईंनी चिडून दार लावून घेतलं आणि एका बैठकीत इंडियानातल्या विधवेचा अर्ज पुरा केला. बाईंची नजर कागदावर होती, पण कान मात्र दिवसभरातलं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होते. प्रत्येक जण आपापल्या परीनं घाबरला होता, ओरडला होता, रागावला होता. हॅस्केटना लोकांची काळजी. क्विनबींना आक्षेपाची. डॉनना डावाची. एकाच माणसाला कशाची म्हणून काळजी नव्हती, आणि खरं तर सगळ्यात आधी त्याच्याच तोंडचं पाणी पळायला हवं होतं.

त्यांनी अर्जाची घडी घातली, पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि तिकिटांची डबी उघडली.

डबी रिकामी होती. तळाला फक्त जांभळा डाग.

थर्झाबाई त्या डागाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. एवढी सगळी तिकिटं! हिवाळाभर ज्या बहिणीला एक ओळ लिहिली नाही, तिला लिहिलेलं पत्र एवढं जड?

त्या खाली गेल्या आणि मिसेस टॅगर्टना विचारलं, "काल संध्याकाळी, हॅस्केट आंघोळीला गेल्यानंतर, कोणी बाहेर पडलं होतं?"

"एवढ्या गारठ्यात? कर्नल तेवढे कोपऱ्यावरच्या खांबावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. बहिणीचं पत्र टाकायला. का हो?"

"काही नाही," थर्झाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्या पाहुण्यांनी माझ्याबरोबर कॅपिटॉलला यायचं. कोणीही आढेवेढे घेतले तर मी पोलिसांत जाईन."

"पण लखोटाच नाही तर तिथे जाऊन करायचं काय?" पायरीवरून हॅस्केटनी विचारलं.

"टपालाची वाट बघायची."

६

अध्यक्षांच्या दालनाबाहेर एक म्हातारा कारकून उंच टेबलामागे बसलेला होता. सकाळी सकाळी पाच माणसं एकदम आत शिरलेली बघून त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"कुठल्या राज्याचे?"

हॅस्केटनी राज्याचं नाव सांगितलं.

"लखोटा?"

"जरा थांबा," थर्झाबाई म्हणाल्या.

"इथे थांबायची सोय नाही."

"मग आम्ही गैरसोयीत थांबतो."

तेवढ्यात टपालाची थैली आली. कारकुनानं ती टेबलावर रिकामी केली आणि पत्रं वेगळी करू लागला. ढिगाच्या मधोमध एक जाड, लांबट लखोटा होता, पाठीवर लाल लाखेचे गोळे.

कर्नल ब्रीननी टाळी वाजवली. "आली! टपालाची प्रत आली! म्हणालो नव्हतो मी? हॅस्केट, दोस्ता, तुझं काय व्हायचं ते होवो, राज्याची मतं वाचली!"

हॅस्केटचे डोळे भरून आले. "देवाची कृपा," ते पुटपुटले. कारकुनानं लखोटा उचलून बाजूला ठेवला.

"त्याच्यावरचा शिक्का वाचाल का?" थर्झाबाई म्हणाल्या.

"बाई, मला पुष्कळ काम आहे."

"मलाही. म्हणून एकदाच विचारतेय. कुठल्या टपाल कचेरीचा शिक्का आहे?"

कारकुनानं चष्मा वर सरकवला. वाचलं. परत वाचलं. "वॉशिंग्टन," तो म्हणाला. "इथलाच."

"डोंगरातून निघालेलं टपाल आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कसं पडलं? आणि तिकिटं बघा. कडा कसल्या रंगाच्या आहेत?"

"जांभळ्या."

थर्झाबाईंनी हातमोजा काढून टेबलावर हात ठेवला. बोटं अजून जांभळी होती. पाहायचं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि मग सगळे कर्नलकडे बघू लागले.

"ती तिकिटं मी तुम्हाला दिली, कर्नल. बहिणीच्या पत्रासाठी."

"कोणीही उचलली असतील माझ्या टेबलावरून!"

"मग बहिणीच्या पत्राला कुठली लावलीत? आणि ते पेटीत टाकायला गारठ्यात तुम्हीच गेलात. मिसेस टॅगर्टनी पाहिलं." थर्झाबाईंचा आवाज चढला नव्हता, थकल्यासारखा होता. "काल दिवसभर मी एकच विचार करत होते, की लखोटा चोरून फायदा कोणाचा? निकाल बदलत नाही, तिसरी प्रत न्यायाधीशाकडे आहे. मिस्टर क्विनबींना लखोटा समोर हवाच होता. डॉनना त्याचं सोयरसुतक नव्हतं, आणि आपला डाव त्यांनी असा चुरगळला नसता. म्हणजे चोराला मतं बुडवायची नव्हतीच. त्याला माणूस बुडवायचा होता. तुम्ही तुमच्या पक्षासाठी हिवाळाभर या शहरात पायऱ्या झिजवल्या. तुमच्या राज्याची मतं गेली, आणि तुम्ही मला शांतपणे सांगता, 'पोचतील हो'. कशी पोचणार हे ठाऊक असलेला माणूसच असं म्हणतो."

कर्नल एकदम उसळले.

"मग मी काय करायला हवं होतं? तीन हिवाळे! तीन हिवाळे मी या शहरात जो भेटेल त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिलो, जमीन कचेरीतल्या त्या एका जागेसाठी. आणि गावानं बँड कोणासाठी वाजवला? याच्यासाठी! काल येतो, पिशवी दाखवतो, आणि उद्या याची जागा पक्की!" मग त्यांचा आवाज खाली आला. "पण मतं मी बुडवली नाहीत. फाडू शकलो असतो, जाळू शकलो असतो. पेटीत टाकला मी. दोनदा हात आत घालून पाहिला, नीट पडलाय ना म्हणून."

हॅस्केट त्यांच्याकडे असं बघत होते की जणू कोणीतरी अनोळखी भाषेत बोलत होतं.

"मला सांगितलं असतंत तर मी आलोच नसतो, थॅड," ते शेवटी म्हणाले. "मला इथे यायची हौस नव्हती. मेंढ्यांना पिल्लं होण्याचे दिवस आलेत."

७

यानंतर गोष्ट संपायला हवी होती, पण कारकुनाचं समाधान व्हायचं होतं.

"लखोटा टपालानं आला आहे," तो म्हणाला. "म्हणजे टपालाची प्रत. दूताची प्रत आलेली नाही. नोंद तशीच होईल, आणि दंड..."

"हीच दूताची प्रत आहे!" क्विनबीसुद्धा ओरडले.

"वर तिकिटं आहेत."

थर्झाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "साहेब, चोरानं घोडा चोरून तुमच्या अंगणात सोडला, तर तो घोडा तुमचा होतो का? हा माल या माणसाच्या ताब्यातून गेला. तीन निर्वाचकांनी त्याला लेखी नेमलंय, ते पत्र त्याच्या खिशात आहे. माल आधी त्याच्याकडे जायला हवा."

"पण पत्ता अध्यक्षांचा आहे."

"म्हणूनच तो लगेच तुम्हाला देणार आहे. अजून दुपार झालेली नाही."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं, मग आतल्या बंद दाराकडे, मग पाच जणांकडे. आणखी अर्धा तास ही मंडळी इथेच उभी राहतील, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. त्यानं लखोटा टेबलावरून पुढे सरकवला. हॅस्केटनी तो दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि तसाच परत केला.

"घ्या," ते म्हणाले. "आमच्या राज्याची तीन मतं."

"पोचली," कारकून म्हणाला आणि पावती लिहू लागला.

कर्नल ब्रीन त्याच दुपारी ट्रंक घेऊन गेले. त्यांच्यावर फिर्याद करायला हॅस्केटनी साफ नकार दिला. थर्झाबाईंनी कायदा सांगून पाहिला, रागावून पाहिलं. हॅस्केट नुसते मान हलवत राहिले. जमीन कचेरीची ती जागा पुढे पूर्वेकडच्या कोणा बड्या माणसाच्या मेव्हण्याला मिळाली, ज्यानं डोंगर कधी पाहिले नव्हते.

मोजणीच्या दिवसापर्यंत हॅस्केट शहरात थांबले. मतं वाचली जाताना स्वतःच्या कानांनी ऐकायची, असं त्यांनी गावाला कबूल केलं होतं. थर्झाबाईंकडे त्या दिवशी दोन विधवा येणार होत्या. तरी हॅस्केट एकटे प्रेक्षकांच्या सज्जात हरवतील म्हणून त्या गेल्या. खाली दोन्ही सभागृहं एकत्र बसली होती. राज्यांची नावं वर्णक्रमानं येत होती. लखोटा फुटे, कोणीतरी एकसुरी आवाजात वाचे, आकडा मांडला जाई, पुढचा लखोटा. क्विनबींचा आक्षेप आलाच नाही. सही करणारा सिनेटर ऐन वेळी मागे हटला होता. क्विनबी दाराशी हाताची घडी घालून, तोंड कडू करून उभे होते.

मग हॅस्केटच्या राज्याचं नाव आलं. ते ताडकन उभे राहिले. खाली तीन मतं वाचली गेली, मांडली गेली, आणि पुढच्या राज्याचं नाव आलंसुद्धा. पहिल्याच रांगेत एका लठ्ठ प्रतिनिधीनं तोंडापुढे हातही न धरता मोठी जांभई दिली.

"झालं?" हॅस्केट म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच. खाली बसा, मागच्यांना दिसत नाही."

"तो माणूस जांभई देतोय, बाई! आम्ही बर्फातून आलो. थॅडनं माझ्या पाठीत सुरी खुपसली. आणि तो जांभई देतोय!"

थर्झाबाईंनी त्या प्रतिनिधीकडे पाहिलं. चिडण्यासारखंच होतं, आणि एरवी त्या चिडल्याही असत्या.

"देऊ द्या," त्या म्हणाल्या. "या कामात लोकांना जांभया येतायत तोवर देश ठीक चाललाय, मिस्टर हॅस्केट. ज्या दिवशी इथे कोणाला जांभई येणार नाही, त्या दिवशी काळजी करायची."

हॅस्केट सावकाश खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनाही एक जांभई आली. ती त्यांनी अगदी अदबीनं, टोपीआड दिली, आणि खाली पुढचा लखोटा फुटला.